घरात दहावी-बारावी, फडात तोड

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर माझा लेख म्हटला की तो खोडव्याचा असणार, हुमणीचा असणार किंवा माती परीक्षणाचा असणार, हे आपणांस ठाऊक आहे. आज विषय थोडा वेगळा घेतला आहे. पण तोही आपल्या शिवारातूनच आलेला आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

गेल्या हंगामात जानेवारीच्या अखेरीस एका सभासदांच्या प्लॉटवर सुरू लागणीची पाहणी करायला गेलो होतो. बांधावर आंब्याखाली त्यांचा मुलगा बसला होता. मांडीवर बारावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडे होते आणि मान एका बाजूला कललेली. पोरगं बसल्या जागी झोपलं होतं.

वडील म्हणाले, ''बघा साहेब, परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि ह्याचा डोळा लागतोय. क्लासची फी भरली, गाईडं आणून दिली. काय कमी केलं सांगा.''

मी विचारले, ''आप्पा, ह्या आठवड्यात लाईट कधीची आहे?''

''रात्रीची.''

''मग दारं कोण धरतंय?''

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ''त्यानंच धरली. थंडीत माझा गुडघा चालत नाही.''

मी पुढे काही बोललो नाही. परत येताना मात्र मोटारसायकलवर माझेच मन मला खाऊ लागले. कारण त्या वर्षी माझ्याही घरात दहावी होती. मी मुलीला दारे धरायला लावत नव्हतो. पण रोज रात्री जेवायला बसलो की माझा पहिला प्रश्न असे, ''आज किती मार्क पडले?'' पुढे असे झाले की मी घरी पोचायच्या आत ती जेवून घ्यायला लागली. हे माझ्या लक्षातही आले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एक दिवस सांगितले, ''ती तुमच्याबरोबर जेवायचं टाळते.'' दिवसभर दुसऱ्यांच्या उसाला पाणी कमी पडले की जास्त झाले ते सांगत फिरणाऱ्या माणसाला आपल्या घरातले कळले नव्हते.

तेव्हापासून काही शिक्षकांशी बोललो, काही पालकांशी बोललो आणि मुलांशीही बोललो. त्यातून जे उमजले ते आपल्यापुढे ठेवतो. मुलाला गणित शिकवणे हे शाळेचे काम आहे. त्याला वेळ, झोप आणि धीर देणे हे आपले काम आहे. ह्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि घरात नेमक्या त्यांचीच टंचाई पडते.

हंगाम आणि परीक्षा एकाच वेळी येतात

शहरातल्या मुलाची परीक्षा आणि आपल्या मुलाची परीक्षा यांत मोठा फरक हा आहे. आपला गाळप हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि जानेवारी ते मार्च ऐन भरात असतो. परीक्षाही त्याच वेळी. 2025 साली बारावीची लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीला आणि दहावीची 21 फेब्रुवारीला सुरू झाली. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा त्याच्याही आधी. म्हणजे उजळणीचे जे दोन महिने, तेच आपल्याकडे तोड, वाहन भरणे, पाचट कुट्टी, खोडव्याचे पहिले पाणी आणि सुरू लागणीचे असतात. घरात हाताशी आलेला मुलगा असला की सहज तोंडातून जाते, ''जरा फडात जाऊन ये.'' ते जरा म्हणजे अर्धा दिवस होतो.

यावर उपाय एकच, आधी आखणी. आपण उसाची नोंद देतो, लागणीची तारीख पुढे पाच-सहा महिने पाठ असते. तशीच घरातली दहावी-बारावीही नोंदवावी. वेळापत्रक आले की ते भिंतीवर लावावे आणि शेजारी आपल्या प्लॉटची तोड साधारण कधी येईल ते लिहावे. तोडणीचा क्रम नोंदीप्रमाणेच राहील, तो कुणासाठी मागे-पुढे करता येत नाही. पण गट ऑफिसला विचारले तर अंदाज जरूर मिळतो. तो धरून आधीच ठरवावे की त्या दिवसांत फडावर कोण थांबणार, वजनाच्या पावत्या कोण बघणार, वाढ्याचे काय करायचे.

रात्रीच्या पाण्यासाठी पैरा करावा. पेरणीला, मळणीला आपण पैरा करत आलो, मग दारे धरायला का नको? वस्तीवर तीन घरे असली आणि एका घरात परीक्षा असली तर दोन महिने त्या घराचे रात्रीचे पाणी बाकीच्या दोघांनी बघावे. पुढच्या वर्षी त्यांच्या घरात परीक्षा असेल तेव्हा आपण फेडावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ठिबक या वर्षीच करावे, म्हणजे रात्री सरीतून चिखल तुडवत फिरणे तरी वाचेल.

कोणी म्हणतील, ''आम्ही शेण काढून, गुरं राखून शिकलो. ह्यांना काय झालं?'' बरोबर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही शिकवण महाराष्ट्राला दिली. पण त्यात शिकणेही तितकेच महत्त्वाचे होते, कामाने शिकणे खाऊन टाकावे असा त्याचा अर्थ नव्हे. सकाळी धार काढणे, संध्याकाळी वैरण टाकणे यांत अर्धा-एक तास गेला तर मुलाचे अंग मोकळे होते आणि डोके ताजे होते. तेवढे काम राहू द्यावे. रात्र मात्र त्याची त्याला द्यावी.

युरियाचा सगळा डोस शेवटी देत नाही

आपण आडसाली उसाला नत्र कसे देतो ते आठवा. लागणीच्या वेळी 10 टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी 40 टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी 10 टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले 40 टक्के. सगळा युरिया एकाच दिवशी ओतला तर ऊस घेत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. आणि तोडणीच्या तोंडावर खत टाकले तर टनेज वाढत नाही, उलट उतारा बिघडतो.

अभ्यासाचेही असेच आहे. जून ते डिसेंबर मुलगा काय करतो याकडे आपले लक्ष नसते, आणि जानेवारी उजाडला की आपण पाठीमागे लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज दोन तास नियमाने बसलेला मुलगा शेवटच्या महिन्यात चौदा तास बसणाऱ्यापेक्षा पुढे असतो. एकदा वाचलेला धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा काढला तर तो टिकतो.

दुसरी गोष्ट. पुस्तक नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवेल तेवढे लिहून काढणे जास्त उपयोगी पडते. काय येते आणि काय राहिले ते तिथेच कळते. येथे कमी शिकलेले आई-वडीलही मोठी मदत करू शकतात. पुस्तक हातात घेऊन प्रश्न विचारता आले नाहीत तरी, ''आज काय शिकलास ते मला सांग बघू,'' एवढे म्हणता येते. आमच्या एका सभासद भगिनी भाकरी थापता थापता मुलाकडून रोज इतिहासाचा एक धडा ऐकत असत. त्या स्वतः चौथी शिकलेल्या. धडा दुसऱ्याला समजेल असा सांगायचा तर आधी तो स्वतःला समजावा लागतो, ह्यात त्या मुलाचा अभ्यास होऊन जाई.

मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्याव्यात. दहावीला भाषेचा 80 गुणांचा पेपर तीन तासांचा असतो. गणिताचे व विज्ञानाचे दोन-दोन भाग 40-40 गुणांचे, प्रत्येकी दोन तासांचे. तीन तास एका जागी बसून लिहायची हाताला आणि कमरेला सवय लागते. त्या वेळात घरातला टीव्ही बंद असावा आणि आलेल्या पाहुण्यांना चहा बाहेर ओट्यावर द्यावा.

तोडणीआधी आपण पंधरा-वीस दिवस उसाचे पाणी तोडतो. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातही नवे काही वाचायला लावू नये. झालेल्याची उजळणी पुरे.

झोप ही चैन नव्हे

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 8 ते 10 तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसभर वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेतच चालते. रात्री दोनपर्यंत जागून पहाटे पाचला उठणाऱ्याचे कौतुक करायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडावी. त्याने वाचलेले अर्धे वाया जाते, आणि पेपरात येत असलेले उत्तर आठवत नाही.

या वयात मुलांना रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते. त्यात आळस नसतो, ती वाढत्या शरीराची रीत आहे. कुणाला पहाटे वाचलेले लक्षात राहते, कुणाला रात्री. एकूण झोप भरते की नाही एवढे आपण बघावे.

झोपेचा मोठा शत्रू आता मोबाईल आहे. त्यावर शिकवणीचे धडेही असतात, तेव्हा तो पुरता काढून घेणे जमणार नाही. पण रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाईल एका फडताळात ठेवायचे असा नियम करता येतो. सगळे म्हणजे आपलाही. बाप अंथरुणात पडून रील बघतोय आणि पोराला म्हणतोय मोबाईल ठेव, हे पोराला पटत नाही.

जेवणाचे फार अवडंबर नको. भाकरी, डाळ, उसळ, दूध, अंडे, हंगामातला भाजीपाला हे भरपूर आहे. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत. परीक्षेच्या काळात जत्रेतले आणि लग्नातले जेवण टाळावे, एवढे सांभाळावे.

तोंडातून जाणारे शब्द

आता सर्वांत अवघड भाग. ''तुझ्यासाठी एवढा खर्च करतोय.'' ''चुलत्याच्या पोराला बघ.'' ''नापास झालास तर ऊस तोडायला पाठवीन.'' ही वाक्ये आपण रागात नाही, सवयीने बोलतो. पण ऐकणाऱ्याच्या मनात ती बसून राहतात. आणि शेवटच्या वाक्यात तर आपण ज्यांच्या जिवावर कारखाना चालतो त्या माणसांचा अपमान करतो, आपल्या शेतीचाही करतो. शेती म्हणजे शिक्षा, असे मुलाला आपणच शिकवायचे आणि मग पोरं शेतात येत नाहीत म्हणून तक्रार करायची!

उसातही सगळ्या जातींना एक माप लावत नाही. एक जात लवकर पक्व होते, एक उशिरा. एक चोपणात तग धरते, दुसरी धरत नाही. मुलाची तुलना करायचीच तर त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी.

मी स्वतः काय केले ते सांगतो. जेवताना मार्क विचारायचे बंद केले. पहिले चार दिवस मला दुसरे काय बोलावे तेच सुचेना, इतकी सवय लागली होती. मग एक दिवस मी माझेच सांगितले, की कुणाच्या प्लॉटवर उसात रानडुकरं शिरली आणि आम्ही सगळे कसे पळालो. मुलगी हसली. आठवड्याभराने ती आपण होऊन म्हणाली, ''पप्पा, मला भूमिती अजिबात कळत नाही. मागं सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता.'' सहामाहीपासून ती हे एकटी घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना भेटलो. त्यांनी रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास दिला. पुढे तिला भूमितीत फार मोठे गुण पडले असे नाही. पण ती पास झाली, आणि निकालाच्या दिवशी माझ्या शेजारी बसून जेवली.

परीक्षेचे दिवस

सकाळच्या सत्राचा पेपर 11 वाजता असतो आणि केंद्रावर 10.30 ला हजर व्हावे लागते. आपल्याकडे त्याच वेळी रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. एखादी ट्रॉली चढावर उलटली की तास-दीड तास रस्ता बंद. तेव्हा केंद्र दुसऱ्या गावात असेल तर एक तास हाताशी ठेवूनच निघावे. एकदा आधी जाऊन केंद्र बघून यावे. हॉल तिकीट, दोन पेन आणि पाण्याची बाटली आदल्या रात्रीच पिशवीत भरावी.

पेपर देऊन आल्यावर प्रत्येक प्रश्नाची उलटतपासणी घेऊ नये. झालेला पेपर झाला. ''भूक लागली असेल, जेव,'' एवढे पुरे.

वाहनधारक बंधूंनाही हात जोडून विनंती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वस्तीवरून आणि शाळेवरून जाताना ट्रॅक्टरवरचा साउंड बंद ठेवावा. कुणाच्या तरी घरात पोर वाचत बसलेले असते.

निकाल म्हणजे पीक बुडणे नव्हे

दहावीला सहा विषयांचे सहाशे गुण असतात आणि टक्केवारी सर्वांत चांगल्या पाच विषयांवर निघते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश घेता येतो. नापास झालेल्यांसाठी जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते, म्हणजे वर्ष वाया जात नाही. पास झालेल्याला गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, तेव्हा दाखले आणि फॉर्म यांची चौकशी निकालाआधीच शाळेत करून ठेवावी.

दहावीनंतर विज्ञान शाखा हा एकच रस्ता नाही. आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे, कृषी पदविका आहे. आपल्याच कारखान्यात मिल हाऊसला, बॉयलरवर, वर्कशॉपमध्ये जी माणसे गाळप चालू ठेवतात ती काही सगळी नव्वद टक्केवाली नाहीत. हा लेख लिहिणारा पदविकाधारकच आहे. मुलाचा कल बघावा, गावात कोणाचा कोण कुठे गेला ते बघू नये.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती लपवून चालणार नाही. परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत काही मुलांचे मन फार खचते. मुलगा एकदम गप्प झाला, जेवण-झोप उडाली, मित्रांत जाईनासा झाला, ''माझा काही उपयोग नाही'' असे बोलू लागला, तर त्याला नाटक म्हणू नये. जवळ बसावे, सरळ विचारावे, शांतपणे ऐकावे आणि त्याला एकटे ठेवू नये. डॉक्टरांना दाखवावे. सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतून बोलता येते. मुलांसाठी 1098 हा नंबर आहे.

आणि कीटकनाशके, तणनाशके कुलपात ठेवावीत. हे मी औषधांच्या सुरक्षित वापराच्या प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि प्रत्येक घरात डबे कोनाड्यात, गोठ्यात, पलंगाखाली दिसतात. रागाचा किंवा निराशेचा एक क्षण टळला तर माणूस सावरतो. तो क्षण टळावा म्हणून घराबाहेर एक पेटी आणि एक कुलूप करावे. किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. परीक्षा घरात असो वा नसो, आजच करावे.

लेकींसाठी आणि टोळीतल्या मुलांसाठी

मुलाला दारे धरायला लावतो तसे मुलीला घरकामाला लावतो, आणि ते काम कुणाच्या डोळ्यांत येत नाही. तोड आली की फडावरच्या माणसांचा चहा, जेवण, धुणीभांडी तिच्यावर पडतात. तिचीही परीक्षा तीच आहे. दोन महिने भावाने ताट उचलले तर काही बिघडत नाही. आणि दहावी झाली की स्थळे बघायची घाई करू नये. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि पुढे शिकायची तिची वर्षेही तीच आहेत.

शेवटी आपल्या फडात आलेल्या कोयत्यांकडे बघावे. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळीतल्या कित्येकांची मुले गावाकडे आजीजवळ किंवा वसतिगृहात राहून दहावी-बारावी देत असतात. पेपर चालू असताना आई-बाप येथे ऊस तोडत असतात. कुणाचा मोबाईल चार्ज करून द्यावा, पेपरच्या आदल्या रात्री पोराशी दोन शब्द बोलू द्यावे. एखादे परीक्षेचे पोर टोळीबरोबरच आले असेल तर मुकादमाला सांगून त्याला वेळेत गावी पाठवावे.

आप्पांच्या मुलाचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या दोघा सभासदांशी बोललो. त्यांनी एका शब्दात परीक्षा संपेपर्यंतचे रात्रीचे पाणी वाटून घेतले. मुलगा पास झाला. गुण किती ते मी विचारले नाही. आप्पांनी ह्या हंगामात त्याच दोघांपैकी एकाच्या घरची दारे स्वतः जाऊन धरायचे कबूल केले आहे, कारण त्या घरात ह्या वर्षी दहावी आहे. गुडघ्याला पट्टा बांधून येतो म्हणालेत.

आपल्या गटात अशी किती घरे आहेत ते आपणच बघावे. पैऱ्यासाठी गट ऑफिसमध्ये एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी परीक्षा आहे त्यांनी आणि ज्यांना मदत करायची आहे त्यांनी आपापली नावे त्यात लिहावीत. लाजू नये.

सर्व विद्यार्थी मुला-मुलींना शुभेच्छा.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी